पातेकाची चौथी आवृत्ती

झाहारीचे आभार मानायला तो माणूस चक्क रस्ता ओलांडून आला. रुसे शहराच्या मोठ्या चौकात, शनिवारी सकाळी, एका हातात लाल मिरच्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी अशा अवतारात. नाव त्याने पानायोत सांगितलं. आसपासच्या गावांतल्या वाचनालयांच्या वेबसाइट तो सांभाळत असे आणि त्या सगळ्या झाहारीच्या ‘पातेका’वर चालत.

“तुमचा फोटो पाहिला होता, म्हणून ओळखलं,” तो म्हणाला. “साहेब, सुटका केलीत हो आमची! इतकी वर्षं नियमांचा क्रम लावत बसायचो. एक ओळ वरची खाली झाली की पंचाईत. आता कुठेही काहीही लिहा, पत्ता आपला बरोबर जागी जातो. आणि खरं सांगू? तुम्ही माघार घ्याल असं वाटलं नव्हतं मला. मोठं मन लागतं त्याला.”

कसली माघार, कुठला क्रम, झाहारीला काही उमगेना. पण समोरचा माणूस इतका खूश होता, की त्याला अडवणं बरं दिसेना. “हो, हो... बरं झालं,” एवढंच तो पुटपुटला, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि पावाच्या दुकानाकडे निघाला. दुकानात शिरल्यावर काय घ्यायला आलो होतो तेच त्याला आठवेना.

पातेका म्हणजे पाऊलवाट. झाहारी आणि रुमेना एकाच कचेरीत शेजारी बसत, तेव्हा दोघांनी मिळून लिहिलेली ही कोडची छोटीशी चीज. वेबसाइटवर कुणी एखादा पत्ता उघडला, की ती मागणी सर्व्हरपर्यंत पोचते आणि याला उत्तर कोणी द्यायचं हे तिथे ठरावं लागतं. तेवढं ठरवून द्यायचं, बाकी कशात नाक खुपसायचं नाही, हा पातेकाचा बाणा. मोठाल्या कंपन्यांची असली साधनं म्हणजे सतरा भानगडी. पातेका एवढीशी, की बसल्या बैठकीला कुणीही पूर्ण वाचून काढावी. दोघांनी ती लोकांना फुकट वापरायला दिली आणि पाहता पाहता शाळा, वाचनालयं, पोहण्याचे तलाव, कुठे कुठे ती जाऊन बसली.

भांडण झालं ते एकाच नियमावरून. झाहारीचं म्हणणं, जो नियम आधी लिहिला त्याचा मान पहिला. वाचणाऱ्याने वरून खाली वाचत यावं, लपवाछपवी नाही. रुमेनाचं म्हणणं, कोण आधी आलं ते राहू दे, पत्त्याशी जास्त नेमका कोण जुळतो ते पाहा. ती तेव्हा तर्नोवोच्या बाहुल्यांच्या थिएटरची वेबसाइट करून देत होती. ‘नाटक’ आणि पुढे कुठलंही नाव, असा एक नियम तिने वर लिहिला. ‘नाटक’ आणि पुढे ‘आज’, म्हणजे आजचा खेळ, असा दुसरा खाली. झालं! ‘आज’वर बोट ठेवणाऱ्या प्रत्येक आईबापाला उत्तर मिळू लागलं, की ‘आज’ नावाचं नाटक आमच्याकडे नाही. नाताळच्या सुट्टीत थिएटर रिकामं राहिलं.

“बघ, असं होतं,” रुमेना म्हणाली होती.

“असं तुझ्याकडून होतं,” झाहारी म्हणाला होता. आणि तेवढ्यावर न थांबता सोफियाच्या संमेलनात, भरल्या सभागृहात, कुणीतरी हाच प्रश्न विचारल्यावर तो माइकवरून म्हणाला, “ज्याला दोन ओळी क्रमाने लिहिता येत नाहीत, त्याच्यासाठी पातेका नाही.” लोक हसले. रुमेना दुसऱ्या रांगेत बसली होती. त्या आठवड्यात तिने पातेकावरून आपलं नाव काढून घेतलं, मग कचेरी सोडली, मग रुसे सोडलं आणि तर्नोवोच्या त्याच थिएटरात काम धरलं.

झाहारी पाव न घेताच घरी आला आणि त्याने लॅपटॉप उघडला. पातेकाकडे त्याने कित्येक महिन्यांत ढुंकून पाहिलं नव्हतं. वसंतात त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं, पोटभर पू, एकापाठोपाठ दोन ऑपरेशनं. त्यानंतरचा सगळा उन्हाळा त्याला माणसात यायलाच गेला. पातेकाच्या सूचनांचा आवाज त्याने तेव्हापासून बंदच ठेवला होता.

समोर चौथी आवृत्ती होती. त्याला ठाऊक होती तिसरी.

चौथ्या आवृत्तीत झाहारीचा नियम उचलून फेकून दिलेला होता. जो पत्ता जास्त नेमका जुळेल, त्याचा मान पहिला. वर बदलाचं कारण म्हणून एकच वाक्य होतं: ‘रुमेना बरोबर होती.’ खाली सही, ‘झ’. आणि त्याखाली लोकांनी लिहिलेले आभार, शाबासक्या, टाळ्या.

त्याने तारीख पाहिली. मार्चचा मध्य. तेव्हा तर तो इस्पितळात पोटात नळ्या घालून पडला होता! त्या दिवसांतलं त्याला आठवत होतं ते एवढंच, की छताला एक तपकिरी डाग होता आणि तो हळूहळू मोठा होत होता. मग हे लिहिलं कोणी?

पातेकाचं खातं एकच होतं, दोघांनी मिळून उघडलेलं. पासवर्ड दोघांनी मिळून ठेवलेला आणि रुमेना गेल्यावर झाहारीने तो बदलला नव्हता. आळस म्हणा किंवा आणखी काही. म्हणजे हे करू शकेल असा माणूस जगात एकच. त्याची कानशिलं तापली. भांडायचं तर उघड भांडावं. आपण आजारी पडल्याची संधी साधून, आपल्याच नावाने, आपल्याच सहीने, स्वतःलाच बरोबर ठरवायचं?

त्स्वेता, त्याची बायको, बहिणीकडे सिलिस्त्राला गेली होती. पण घरी असती तरी तिला काय विचारणार? ती दातांची डॉक्टर. पातेकाचं तिला फक्त नाव माहीत. झाहारीने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि तर्नोवोची बस पकडली.

बसमध्ये त्याने तो कोड वाचायला घेतला आणि त्याचा गोंधळ वाढतच गेला. ही रुमेनाची लिहिण्याची पद्धत नव्हती. ती नावं लांबलचक देते, इथे तर एकेका अक्षराची नावं होती, झाहारीला सवय होती तशी. कंसाआधी जागा सोडायची खोडही त्याचीच. पण आत चाललंय काय, ते मात्र त्याला समजेना. पत्त्याचे तुकडे करून एक झाड बांधलं होतं, मग ते झाड उलटं चालून यायचं, मध्येच कुठेतरी एक उडी. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून कुणी अनोळखी भाषेत ऐकवावा, तसं त्याला झालं. तिने माझी नक्कल केली असेल, तो स्वतःशी म्हणाला. पण नक्कल इतकी हुबेहूब करता येते? आणि करायची तर कशासाठी?

थिएटर यांत्रा नदीच्या वरच्या अंगाला, चढावर होतं. दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. दारात पोरांचा गलका आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या भाजत होतं, त्याचा वास. झाहारी आत गेला. मनात वाक्य तयार होतं: तुला लाज नाही वाटली?

रुमेना तिकिटांच्या खिडकीमागून बाहेर आली. केस आखूड कापले होते, चष्मा नवीन होता. त्याला पाहून ती जागीच थबकली आणि मग पळत येऊन तिने त्याला मिठीच मारली.

“आलास एकदाचा! मूर्खा, किती वाट पाहायला लावलीस! मार्चपासून वाट पाहतेय मी.”

झाहारीचं तयार वाक्य तसंच राहून गेलं.

“फोन करणार होते,” ती त्याचा हात धरून त्याला आत नेत म्हणाली, “पण म्हटलं, नको. एवढं जाहीर लिहिलंय पठ्ठ्याने, तर येऊ दे स्वतःहून. बोट धरून लहान पोरासारखं आणायचं नाही. पोटाचं कसं आहे आता? मला नंतर कळलं रे. किती वाळलायस! बस. बानित्सा आहे सकाळची. गार झालीय, पण खा.”

बाहुल्या ठेवायच्या खोलीत त्यांनी बैठक मारली. भिंतीवर अस्वलं, राजे, एक मोठ्या नाकाचा न्हावी, सगळे खुंट्यांना लोंबत होते. झाहारीने चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा तोंडात टाकला आणि तो चावतच राहिला. हिने केलं असेल तर ही नाटक करतेय. नाटक करत असेल तर हिचे डोळे असे भरून का आलेत?

“रुमेना,” शेवटी तो म्हणाला, “पातेकाचा पासवर्ड तुझ्याकडे अजून आहे?”

“माझ्याकडे? आठवतही नाही. तू बदलला असशील असं धरून चालले होते.” ती हसली. “का? विसरलास की काय?”

“नाही. म्हणजे... ती चौथी आवृत्ती. ती...”

“छान आहे. सुरुवातीला मला कळलीच नाही. कागदावर झाड काढून बघितलं तेव्हा उलगडलं. वाटलं, याने किती डोकं घातलंय यात. नुसती ‘चुकलो’ म्हणून चिठ्ठी लावली असती तरी चाललं असतं मला.”

तो मांडीवर पडलेला चुरा वेचत राहिला. तिचं हसू हळूहळू विरलं. ती त्याला ओळखून होती. त्याच्या गप्पपणाच्या जाती तिला पाठ होत्या.

“झाहारी, ते तू लिहिलंयस ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण कुणा तिसऱ्याचं असलं तर? उद्या तो उभा राहिला तर?

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे मला माहीत नाही. आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं. चौकात एका माणसाने आभार मानले म्हणून. त्या तारखेला मी इस्पितळात होतो, मला स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं. मला वाटलं, तू...”

“मी?” रुमेना उठून उभी राहिली. “मी तुझ्या सहीने लिहीन, की मी बरोबर होते? तू हे विचारायला आलास? आणि मी वेडी, मिठ्या मारतेय!”

“ओरडू नको ना.”

“ओरडेन! माझं थिएटर आहे!” पण ती ओरडली नाही. तिने पाठ फिरवली आणि न्हाव्याच्या बाहुलीची गुंतलेली दोरी सोडवायला लागली. ती दोरी मुळात गुंतलेलीच नव्हती. झाहारीला कुठे पाहावं ते कळेना. 

“तुझ्या बायकोला विचारलंस?” पाठमोरीच ती म्हणाली.

“तिला काय कळतंय यातलं?”

“इस्पितळात तुझ्यापाशी कोण होतं? ती ना? मग कर फोन.”

त्याने फोन लावला. त्स्वेता बहिणीच्या स्वयंपाकघरात होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. पातेकाची चौथी आवृत्ती वगैरे त्याने समजावून सांगायला घेतलं, तर तिने मध्येच तोडलं.

“अरे, ते तू इस्पितळात लिहीत होतास ते ना?”

झाहारीने फोन कानापासून दूर घेतला, पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. “मी लिहीत होतो?”

“मग काय मी? लॅपटॉप मीच आणून दिला तुला. डॉक्टर नको म्हणत होते. पण तू ऐकशील तर ना! लॅपटॉप आण, नाहीतर सलाइनच्या खांबासकट घरी चालत येतो, म्हणालास. फोनपण मागून घेतलास, त्यात कसला पासवर्ड लिहिलाय म्हणून. शेजारच्या खाटेवरचे द्रागोमीर काका नुसते वैतागले होते तुझ्यावर. तापाने फणफणला होतास आणि त्यांना सांगत होतास, रस्ता रस्त्याला कसा ओळखतो ते.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? तूच केलंस, तुला माहीत असेल असं धरलं मी. आणि खरं म्हणजे,” तिचा आवाज जरा मऊ झाला, “त्या दिवसांतलं काही काढायचं नाही असं ठरवलं होतं मी. तू नर्सला तुझ्या शाळेतल्या बाई समजत होतास. पडदा श्वास घेतोय म्हणायचास. मला भीती वाटायची रे. कशाला ते पुन्हा उगाळायचं? का, काय झालं? तू आहेस कुठे?”

“तर्नोवोला. रुमेनाकडे.”

पलीकडे क्षणभर भांडीसुद्धा थांबली. “बरं केलंस,” त्स्वेता म्हणाली. “तिला माझा नमस्कार सांग. आणि तेलकट काही खाऊ नको तिथे.”

त्याने फोन ठेवला. रुमेनाने अर्धं ऐकलं होतं, उरलेलं त्याने सांगितलं. तिने त्याचा लॅपटॉप ओढून घेतला आणि कोड चाळायला लागली. एका जागी थांबली. कोडमध्ये माणसाने माणसासाठी लिहून ठेवायच्या टिपा असतात, त्यांतली एक होती. तिने मोठ्याने वाचली, “‘द्रागोमीर काका झोपलेत, हळू टाइप कर.’”

तिला हसू आवरेना. झाहारीही हसायला लागला आणि हसता हसता पोटावरची जुनी जखम ओढली गेली म्हणून कळवळला.

पण हसून झाल्यावर तिने चष्मा काढला. “म्हणजे तापात होतास तेव्हा मी बरोबर होते. आणि आता? आता शुद्धीवर आहेस. आता कोण बरोबर आहे?”

 झाहारीही फोन ठेवल्यापासून हेच तर चाचपडत होता. ज्याने हे लिहिलं त्याला काय दिसलं असेल? त्याला विचारायची सोय नव्हती. आणि तो तर स्वतः झाहारीच होता.

“नियमाचं मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मला अजून वाटतं, की वरून खाली वाचत यावं. हा कोड मला समजतसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू?”

रुमेनाचा चेहरा पडला.

“पण सोफियाला जे बोललो,” तो पुढे म्हणाला, “ते वाईट बोललो. लोक हसावेत म्हणूनच बोललो आणि तू समोर बसलीयस हे मला दिसत होतं. नियम कुठलाही बरोबर असो, ते बोलायला नको होतं. हे मला तापात सुचलेलं नाही. तुझी बानित्सा खात, धडधडीत शुद्धीवर सांगतोय. माफ कर.”

 रुमेनाने चष्मा परत लावला आणि खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली.

“इकडे ये. तुझाच कोड तुला समजावून सांगते. ऐक नीट, मध्ये बोलू नको.”

तिने एका जुन्या जाहिरातीच्या पाठीवर झाड काढलं. बुंध्याला ‘नाटक’, त्याला दोन फांद्या, एक ‘आज’ची, एक ‘कुठलंही नाव’ची. पत्ता आला की आधी नेमक्या फांदीवर चढायचं. ती पुढे तुटली तरच मागे येऊन सैल फांदी धरायची. ती जी मध्येच उडी होती, ती हीच. झाहारी मान हलवत राहिला. हळूहळू त्याला दिसू लागलं. आणि दिसू लागल्यावर मनात नसतानाही वाटलं, की ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने चांगलं लिहिलंय.

“आणि दोन्ही फांद्या सारख्याच सैल असल्या तर?” त्याने विचारलं.

रुमेना थांबली. दोघांनी त्या ओळी शोधल्या. तिथे त्या तापातल्या माणसाने अर्धवट सोडलं होतं. कुठली तरी एक फांदी मिळे, कुठली ते सांगता येत नव्हतं.

“हे धोक्याचं आहे,” ती म्हणाली. “असे दोन नियम दिसले की सर्व्हरने सुरूच व्हायला नकार द्यावा. लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळेल.”

“नकार कशाला? आधी लिहिला त्याचा मान पहिला. सोपं.”

“परत तेच?”

“परत तेच! लोकांचे सर्व्हर बंद पाडणार तू?”

“बंद पडलेला सर्व्हर दिसतो तरी. चुकीचा पत्ता कुणाला दिसत नाही, नुसतं थिएटर रिकामं राहतं!”

“अगं, पण...”

“अगं-बिगं नाही!”

आवाज इतका चढला, की पुढच्या खेळाच्या तयारीला आलेला एक नट दारातून डोकावला आणि म्हणाला, “बाई, खालच्या मजल्यावर ऐकू जातंय. आणि ते अस्वल मला लागणार आहे.” दोघं अस्वलाच्या वाटेतून उठले आणि जिन्यात जाऊन भांडले. तिथून हाकललं तेव्हा नदीकाठच्या बाकावर. बसची वेळ झाली, तरी काही ठरलं नव्हतं.

“तुझं नाव परत घालू का पातेकावर?” बसच्या पायरीवर उभा राहून झाहारीने विचारलं.

“घातलंस तर प्रत्येक गोष्टीत नाक खुपसेन.”

“ते तर तू आत्ताही खुपसतेयस.”

“मग घाल,” ती म्हणाली आणि बस सुटेपर्यंत थांबली नाही. तिचा खेळ सुरू व्हायचा होता.

त्या हिवाळ्यात पातेकाची पुढची आवृत्ती दोघांच्या नावाने निघाली. दोन सारखे नियम दिसले की तिने सुरू व्हायला नकार द्यायचा, असंच शेवटी ठरलं. झाहारी हरला म्हणून नव्हे. एकदा त्याच्याच कचेरीतला सर्व्हर अशा दोन नियमांवर आठवडाभर चुकीची पानं दाखवत राहिला आणि कुणाला पत्ताच लागला नाही, म्हणून. हे त्याने रुमेनाला अजून सांगितलेलं नाही. द्रागोमीर काकांबद्दलची टीप काढून टाकावी असं त्याला वाटत होतं. रुमेनाने ती काढू दिली नाही.

त्स्वेताने एकदा जेवताना विचारलं, “मग, आठवलं का काही त्या दिवसांतलं?”

झाहारीने चमचा खाली ठेवला. त्याने खरंच प्रयत्न केला. डाग आठवला, नळीतला थंडपणा आठवला, पण हात लिहिताहेत असं काही आठवेना.

“नाही,” तो म्हणाला. “कोण होता कुणास ठाऊक. पण माणूस बरा होता.”

“मला नाही वाटत,” त्स्वेता म्हणाली. “फार ओरडायचा.” आणि तिने त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं.